घुबड (लोकसमजुतीतील)

घुबड : (लोकसमजुतीतील). अपशकुनी ठरलेला निशाचर पक्षी. येथे कोल्हापूर परिसराच्या अनुषंगाने केवळ त्याच्या लोकप्रतिमेचा विचार केला आहे. मराठी नाव संस्कृत ‘घूक’ या शब्दाशी जोडले जाते. दोन्ही नावे आवाजावरूनच पडली असावीत.

अशुभत्वाची कल्पना बरीच जुनी आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील १६५ व्या सूक्तात कपोताबरोबर (पारव्याबरोबर) उलूकाचा म्हणजे घुबडाचा उल्लेख येतो. उलूक जे बोलतो ते व्यर्थ ठरो, असा त्या ऋचेचा अर्थ सामान्यतः लावतात. पुढे लगेच यमाला नमस्कार आहे. महाभारताच्या सौप्तिकपर्वात वडावर झोपलेल्या कावळ्यांना मारणारे घुबड पाहूनच अश्वत्थाम्याला रात्रीच्या संहाराची कल्पना सुचते.

दुसरीकडे उलूक हे लक्ष्मीचे वाहन मानले जाते. हा समज मुख्यतः बंगालकडचा असून तुलनेने उत्तरकालीन दिसतो. प्राचीन शिल्पांतील गजलक्ष्मीसोबत हत्ती असतात, घुबड नसते. कोल्हापूर हे महालक्ष्मीचे क्षेत्र, तेव्हा येथे तरी घुबडाला मान असेल, अशी अपेक्षा होते. प्रत्यक्षात तसे नाही, आणि त्याचे कारण मूर्तीतच सापडते. या महालक्ष्मीच्या, म्हणजेच अंबाबाईच्या, हातांत म्हाळुंग (लिंबाच्या जातीचे फळ), गदा, ढाल (खेटक) व पानपात्र असून मागे सिंह आहे. दुर्गासप्तशती या देवीमाहात्म्याच्या ग्रंथाला जोडलेल्या ‘प्राधानिक रहस्य’ या प्रकरणातील महालक्ष्मीची आयुधे हीच आहेत. देवी विष्णुपत्नी की शाक्तांची (शक्तीच्या उपासकांची) आदिशक्ती, हा वाद जुना आहे. नवरात्रात तिरुपतीहून येणारा शालू पहिल्या पक्षाला बळ देतो खरा. पण तो उपचाराचा भाग झाला. मूर्तिलक्षणे दुसऱ्या पक्षाकडे झुकतात. मत कोणतेही घेतले, तरी या देवीच्या परिवारात उलूकाला जागा दिसत नाही. त्यामुळे वाहन म्हणून जे अभय त्याला मिळू शकले असते, ते येथे मिळाले नाही.

घुबडाला दगड मारू नये, अशी समजूत महाराष्ट्रात आढळते. मारलेला दगड ते उचलून पाण्यात नेऊन टाकते आणि दगड झिजेल तसतसा मारणारा झिजत जातो, असे सांगतात. भीतीपोटी का होईना, या समजुतीने काही घुबडे वाचली असतील. जुन्या वाड्यांच्या वळचणीला राहणारे गव्हाणी घुबड पांढुरके असते, पंखांचा आवाज न करता उडते आणि मध्येच कर्कश ओरडते. भुताटकीच्या कित्येक कथांचे मूळ या पक्ष्यात शोधता येईल.

लहान चणीच्या पिंगळ्याचे स्थान वेगळे आहे. तो घुबडाच्याच कुळातला, सुमारे २१ सेंमी. लांबीचा, मात्र त्याची बोली भविष्यसूचक मानतात. पहाटे कुडमुडे (लहान डमरू) वाजवीत दारोदार भाकीत सांगणारा भिक्षेकरीही ‘पिंगळा’च म्हणवतो. पक्ष्याची भाषा आपल्याला कळते, हा त्याचा दावा असतो. शकुनग्रंथांतील ‘पिंगला’ या शकुनसूचक पक्ष्याशी या प्रथेचा धागा जुळतो.

उसाच्या पिकाला उंदरांचा उपद्रव असतो आणि उंदीर हे गव्हाणी घुबडाचे मुख्य भक्ष्य आहे. लोकसमजुतीत या उपयुक्ततेचे प्रतिबिंब जवळजवळ नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार घुबडांना संरक्षण असूनही तंत्रमंत्रासाठी, विशेषतः दिवाळीच्या सुमारास, देशात त्यांची चोरटी विक्री होते.