शरीरभान (व्यवसायोपचार)

आपले हातपाय कुठे आहेत, अंग किती आखडले आहे, भूक लागली की धाप लागली, हे आतून कळणे म्हणजे शरीरभान. मानसिक आघातातून सावरणाऱ्यांबरोबर काम करताना व्यवसायोपचारक (रोजच्या कामांतून उपचार करणारे ऑक्युपेशनल थेरपिस्ट) या जाणिवेपासून सुरुवात करतात. अवयवांच्या स्थितीची जाणीव ती ‘प्रोप्रिओसेप्शन’, शरीराच्या आतल्या स्थितीची ती ‘इंटरोसेप्शन’. दोन्ही संज्ञांचे मूळ ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांच्या १९०६ मधील लेखनात आहे.

छातीत धस्स होते, पोटात गोळा येतो, हे मराठी माणसाला सांगावे लागत नाही. आघातानंतर मात्र या खुणांचा अर्थ बिघडतो. जिना चढून आलेली धडधडही संकटाची वाटते. काहींचे उलट होते : अंग बधिर, जेवणाची वेळ टळली तरी भुकेचा पत्ता नाही.

व्यवसायोपचारातला ‘व्यवसाय’ म्हणजे पोटापाण्याचा धंदा नव्हे; दिवस ज्या कामांनी भरतो ती सगळी कामे. (भारतात या विषयाचे पहिले विद्यालय कमला निंबकर यांनी १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू केले.) म्हणून या उपचारात शरीरभान रोजच्या कामातूनच येते. अंघोळीचे घ्या. डोक्यावर तांब्या ओतला की डोळे मिटतात, कानांत पाणी जाते, दाराची चाहूल लागत नाही. हल्ला सोसलेल्या बाईला तेवढा क्षणही जड जातो आणि ती अंघोळच टाळू लागते. अशा वेळी तिला धीर धर म्हणून भागत नाही. स्टूल दाराकडे तोंड करून ठेवायचे, पाणी आधी पावलांवर घ्यायचे, ते कोमट आहे की कढत हे तिने सांगायचे; डोके भिजवायचे की नाही, कधी, हे तीच ठरवते.

कणीक मळणे, भरलेली बादली उचलणे अशा जोराच्या कामांत स्नायू आणि सांध्यांना ठसठशीत संवेदना मिळते. अनेकांना त्याने शांत वाटते. या विचाराचा पाया अमेरिकी व्यवसायोपचारक जीन एअर्स (१९२०–८८) यांच्या संवेदी एकात्मता सिद्धांतात आहे; निरनिराळ्या संवेदनांची सांगड मेंदू कशी घालतो, ते तो सांगतो. तो मुळात शिकण्यात अडचणी येणाऱ्या मुलांसाठी मांडलेला होता. आघातासाठी त्याचा वापर नंतरचा, आणि त्यामागचा पुरावा अजून तोकडा. अंगावर दाब देऊन शांत करतात म्हणून विकल्या जाणाऱ्या वजनदार पांघरुणांची जाहिरात तर पुराव्याच्या बरीच पुढे गेली आहे.

डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्या, ही सूचना सर्वांना मानवत नाही. छातीकडे लक्ष जाताच जुनी भीती उसळू शकते. तेव्हा डोळे उघडे ठेवून, जमिनीला टेकलेल्या तळपायांपासून सुरुवात होते.