बार्शीतलं नर्गिसच्या नावाचं हॉस्पिटल

अक्कांच्या मांडीवर सूप असतं. सुपात तंबाखू, भिजवून नरम केलेली तेंदूची पानं, कात्री आणि दोऱ्याची गुंडी. पत्र्याचा साचा पानावर ठेवायचा, कडेकडेने कापायचं, चिमूटभर तंबाखू पसरून बोटांत वळायचं, तोंड नखाने दुमडायचं आणि दोरा गुंडाळायचा. एवढं सगळं त्या टीव्हीवरची नजर न काढता करतात. सोलापुरात अशोक चौकाच्या मागे आमच्या गल्लीत दुपारी दहा घरांत तरी हेच, विड्या वळणं, चालू असतं.

त्या दिवशी बातम्यांत कोणा नटाला मुंबईच्या बड्या हॉस्पिटलात हलवल्याचं दाखवत होते. गेटबाहेर कॅमेरे, आत शिरणारी काळ्या काचांची गाडी. अक्का म्हणाल्या, "एवढा पैसा हाय, तरी बी रोग सोडतोय का कुणाला?" आवाजात हळहळ होती, आणि खरं सांगायचं तर थोडा दिलासाही होता. मरणाच्या दारात सगळे सारखे, हा गरिबाला फुकट मिळणारा दिलासा आहे. मी विज्ञानाबद्दल लिहिते, त्यामुळे अशा वाक्याला नुसती मान डोलावणं मला जमत नाही. अक्कांचं म्हणणं अर्धं खरं आहे, आणि ते कुठल्या अर्ध्यात खरं आहे हे पाहण्यासारखं आहे.

आधी अडीचशे वर्षं मागे जाऊ. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरच्या गणपतीच्या सान्निध्यात थोरले माधवराव पेशवे गेले. वय २७. पानिपतानंतर मोडलेलं राज्य ज्याने सावरलं, त्याच्या हाताशी वैद्य, हकीम, खजिना, अनुष्ठानं सगळं होतं. रोग होता राजयक्ष्मा, म्हणजे क्षय. नावातला 'राजा' हा खुद्द चंद्र. सत्तावीस बायकांपैकी एकट्या रोहिणीतच रमला म्हणून सासऱ्याने, दक्षाने, त्याला क्षयाचा शाप दिला आणि तो कलेकलेने झिजू लागला अशी कथा आहे. म्हणजे नामवंतांच्या आजाराची चर्चा आपल्याकडे आभाळातूनच सुरू होते.

क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉखने जगाला दाखवला १८८२ मध्ये, आणि त्याच्यावर चालणारं पहिलं औषध, स्ट्रेप्टोमायसिन, सापडलं १९४३ मध्ये. माधवरावांनी सगळं राज्य गहाण टाकलं असतं तरी ती कुपी त्यांना मिळाली नसती, कारण ती अस्तित्वातच नव्हती. अक्कांचा दीर यंत्रमागावर कामाला आहे. चार वर्षांपूर्वी त्याला क्षय झाला. सरकारी दवाखान्यातून सहा महिने गोळ्या मिळाल्या. पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन, सगळं फुकट. आज तो पुन्हा मागावर उभा आहे. आजाराच्या बाबतीत यंत्रमाग कामगार पेशव्यांपेक्षा श्रीमंत निघाला, हे वाक्य मी गंमत म्हणून लिहीत नाही.

पैशाची पहिली मर्यादा ही अशी आहे. जे ज्ञान त्या काळात नाही, ते विकत मिळत नाही.

आता जवळ येऊ. सोलापूरहून वैरागमार्गे एसटीने दोनेक तासांत बार्शी येते. तिथे नर्गिस दत्त यांच्या नावाचं कॅन्सर हॉस्पिटल आहे. आमच्या जिल्ह्यातले कित्येक जण त्याला नुसतं 'बार्शीचं कॅन्सर' म्हणतात. नटीचं नाव पाटीवर राहतं.

नर्गिसला स्वादुपिंडाचा कॅन्सर झाला. ती देशभर लाडकी होती, १९८० पासून राज्यसभेची सदस्य होती, आणि उपचार झाले न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग या कॅन्सर हॉस्पिटलात. ३ मे १९८१ रोजी ती गेली, ५१ व्या वर्षी. मुलाचा पहिला चित्रपट लागायला आठवडाही राहिला नव्हता.

स्वादुपिंड हा अवयव जठराच्या मागे, पाठीच्या कण्यापुढे दडलेला असतो. पोटावर हात ठेवून तो लागत नाही. त्यात गाठ वाढू लागली तरी बराच काळ काही दुखत नाही. भूक मंदावणं, वजन उतरणं, पाठीत कळ, ही लक्षणं इतकी साधी की माणूस आधी ओवा खातो, मग ॲसिडिटीची गोळी घेतो. कावीळ दिसेपर्यंत गाठ बहुतेक वेळा शेजारच्या रक्तवाहिन्यांना बिलगलेली असते. सगळ्यांना सरसकट करून फायदा होईल अशी तपासणी या कॅन्सरसाठी आजही नाही. अमेरिकेतसुद्धा या रोगाचे शंभरातले जेमतेम तेरा रुग्ण पाच वर्षं काढतात. तिथे नर्गिसचा पैसा भिंतीवर आपटला.

पण तिच्या नावाच्या हॉस्पिटलात पुढे जे झालं, ते कॅन्सरच्या दुनियेत सगळीकडे ठाऊक आहे. सोलापुरात मात्र मी दहा जणांना विचारलं तर नऊ जणांना माहीत नव्हतं.

१९८७ मध्ये बार्शीला देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. माणसं गावोगाव फिरून कोणाला कॅन्सर झाला ते लिहून घेऊ लागली, आणि जाता जाता बायकांना सांगू लागली की अंगावरून असं जात असेल, मधेच रक्त दिसत असेल तर लपवू नका. नुसत्या या बोलण्यानेही फरक पडला. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या बायका आधीच्या टप्प्यात येऊ लागल्या. मग १९९९ च्या सुमारास शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात एक मोठा प्रयोग मांडला गेला. बार्शीचं हे हॉस्पिटल, मुंबईचं टाटा आणि फ्रान्समधल्या लिऑनची आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्था, असे तिघे मिळून. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका. गावांचे ५२ गट पाडले आणि त्यांची चार हिश्शांत चिठ्ठी टाकल्यासारखी वाटणी केली. एका हिश्शात हा कॅन्सर घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूची चाचणी, दुसऱ्यात पॅप स्मिअर, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशी काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं, तिसऱ्यात ॲसेटिक ॲसिड, म्हणजे पातळ व्हिनेगरच म्हणा, लावून डोळ्यांनी पाहणं, आणि चौथ्यात नेहमीसारखं, म्हणजे तपासणी नाही.

चाचणी आयुष्यात एकदाच केली. मग आठ वर्षं वाट पाहिली.

एचपीव्ही चाचणीच्या गटात ३४,१२६ बायका होत्या. त्यांतल्या ३४ जणी या कॅन्सरने गेल्या. तपासणी न झालेल्या गटात ३१,४८८ बायकांपैकी ६४ गेल्या. एका तपासणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. २००९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, आणि त्यानंतर जगभरच्या तपासणीच्या धोरणांत एचपीव्ही चाचणीचं वजन वाढलं. तपासणीशिवाय ठेवलेल्या त्या चौथ्या गटाबद्दल पुढे नैतिक आक्षेपही घेतले गेले. मला ते रास्त वाटतात. आकडा वाचताना ६४ या संख्येवर माझा डोळा अडतोच.

हे का जमलं? गर्भाशयाचं मुख हाताच्या टप्प्यात आहे. एक मऊ ब्रश फिरवला की पेशी मिळतात. विषाणू तिथे ठाण मांडून बसला तरी त्याचा कॅन्सर व्हायला बहुधा दहा-पंधरा वर्षं लागतात, आणि मधल्या काळात बिघडलेला भाग गोठवून काढता येतो, भूल न देता. दार उघडं आहे आणि वेळ भरपूर आहे. स्वादुपिंडाला यातलं काहीच नाही. त्यामुळे न्यूयॉर्कला गेलेल्या नर्गिसचं जे झालं नाही, ते कधी तालुका न ओलांडलेल्या बायकांचं झालं. आजाराशी गाठ पडते तेव्हा पाकिटाआधी अवयव कोणता हे ठरतं.

एवढ्यावर थांबले तर अक्कांचं वाक्य जिंकलं असं होईल. म्हणून आता दुसरी बाजू.

ॲपलच्या स्टीव्ह जॉब्सच्या स्वादुपिंडात २००३ मध्ये गाठ सापडली. ती नर्गिससारखी नव्हती. हळू वाढणाऱ्या, शस्त्रक्रियेला दाद देणाऱ्या जातीची होती. त्याने नऊ महिने आहार, ॲक्युपंक्चर वगैरेंत घालवले आणि मग शस्त्रक्रिया करून घेतली. हा पैशाचा दोष नाही, हट्टाचा आहे, आणि तो गरिबालाही परवडतो. पुढे २००९ मध्ये त्याला यकृत हवं होतं. अमेरिकेत यकृत विकत घेता येत नाही. रांग असते, आणि त्या वेळी ती विभागवार होती. पण एकाहून जास्त विभागांत नाव नोंदवायला कायद्याची आडकाठी नव्हती. अट इतकीच की फोन आला की काही तासांत पोचलं पाहिजे. कॅलिफोर्नियात राहणाऱ्या माणसाला टेनेसीत काही तासांत कोण पोचवणार? स्वतःचं विमान. नियम कुठेच मोडला नाही. पैसा रांग मोडत नाही, तो छोटी रांग शोधतो आणि तिथवर पोचवतो. जॉब्स २०११ मध्ये ५६ व्या वर्षी गेला, पण मधली दोन वर्षं त्याला मिळाली.

आणि हे फक्त अब्जाधीशांचं नाही. लंडनमध्ये १९६७ मध्ये संशोधक मायकेल मार्मट यांचं नाव पुढे ज्याच्याशी जोडलं गेलं, तो व्हाइटहॉल अभ्यास सुरू झाला. साडेसतरा हजार सरकारी नोकर. यांत उपाशी कोणीच नाही, सगळ्यांना पगार, सगळ्यांना सरकारी दवाखाना मोफत. तरीही शिपाई-दरवान या सर्वांत खालच्या पायरीवरच्यांचे हृदयविकाराने होणारे मृत्यू वरच्या साहेबांच्या तिप्पट निघाले. मधल्या पायऱ्याही ओळीने उतरत्या. सिगारेट, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांचा हिशेब मांडून फरकाचा साधारण तिसरा हिस्साच उलगडला. बाकीच्यात, पुढच्या अभ्यासांतून, एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली: स्वतःच्या कामावर स्वतःचा ताबा किती. अमेरिकेत २००१ ते २०१४ च्या नोंदी पाहिल्या तर सर्वांत श्रीमंत एक टक्का पुरुष सर्वांत गरीब एक टक्क्यापेक्षा १४.६ वर्षं जास्त जगतात, बायका १०.१ वर्षं.

म्हणजे टीव्हीवरच्या नटाकडे पाहून काढलेला निष्कर्ष फसवा असतो, कारण आजारी पडलेलाच नट टीव्हीवर येतो. ऐंशीव्या वर्षी सकाळी फिरायला जाणाऱ्या शेकडो श्रीमंतांची ब्रेकिंग न्यूज होत नाही. २०२१ मध्ये कन्नड नट पुनीत राजकुमार ४६ व्या वर्षी गेला तेव्हा बेंगळुरूच्या हृदयरोग रुग्णालयात तपासणीसाठी झुंबड उडाली होती. आमच्या सोलापुरात कानडी घरं भरपूर, इथेही हळहळ मोठी होती. व्यायाम करणारा माणूस गेला म्हणून जिमच सोडून दिलेला एक पुतण्या माझ्याच घरात आहे.

'श्रीमंतांचा आजार' हा शब्दही जुना झालाय. २०१७ मध्ये पंधरा राज्यांतल्या मधुमेहाची जी पाहणी प्रसिद्ध झाली, तिच्यात महाराष्ट्रासारख्या पुढारलेल्या राज्यांच्या शहरांत मधुमेह कमी ऐपतीच्या लोकांत जास्त दिसला. शुगर आता बंगल्यातून चाळीत राहायला आली आहे. बसून काम, स्वस्त पोटभर म्हणजे भात आणि तळलेलं, आणि पाय सुन्न झाल्यावरच दवाखाना. अक्का दिवसाचे आठ तास मांडी घालून असतात.

पैसा कधी उलटतोही. डॉक्टर मोठ्या माणसापुढे दबून नेहमीची शिस्त मोडतात, याला १९६४ मध्ये मानसोपचारतज्ज्ञ वॉल्टर वाइनट्रॉब यांनी व्हीआयपी सिंड्रोम असं नाव दिलं. मायकेल जॅक्सनला झोप यावी म्हणून त्याचा खाजगी डॉक्टर घरी प्रोपोफोल देत होता, ऑपरेशन थिएटरमधलं भुलीचं औषध. २००९ मध्ये जॅक्सन त्या औषधानेच गेला. सरकारी दवाखान्याच्या रांगेतल्या कोणालाही हे मागून मिळालं नसतं.

आणि काही वस्तू अशा असतात की त्या श्रीमंताला वेगळ्या मिळतच नाहीत. १९८२ च्या अपघातानंतर अमिताभ बच्चन यांना सुमारे दोनशे जणांचं रक्त चढलं. त्यातल्या एकाच्या रक्तात हेपेटायटिस बीचा विषाणू होता. हे त्यांना कळलं १८ वर्षांनी, तोवर यकृताचा पाऊण भाग गेला होता, असं ते स्वतः सांगतात. रक्तपेढी ही गावविहीर आहे. तिच्या पाण्याची काळजी सगळ्यांसाठी घेतली गेली तरच पाटलाच्या वाड्यातही चांगलं पाणी जातं. आज प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, हेपेटायटिस बी, सी, सिफिलिस आणि मलेरियासाठी तपासणी सक्तीची आहे. अक्कांच्या सुनेला बाळंतपणात रक्त लागलं तेव्हा तीच तपासलेली पिशवी आली.

बार्शीचं सगळं मी अक्कांना सांगितलं. त्यांना आधी नर्गिसचंच कुतूहल. "तिला बी त्योच रोग व्हता का?" म्हटलं, नाही, वेगळा, पोटातला. मग म्हणाल्या, "मग ती बायकांची तपासणी आपल्या इथं हाय का?"

सरकारी केंद्रात ॲसिड लावून पाहण्याची तपासणी असते, फुकट. धाराशिवच्या त्या प्रयोगात तिने मृत्यू लक्षणीय कमी झाले नव्हते. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत दर दोन वर्षांनी केली तेव्हा ३१ टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे ती करून घ्यायचीच, पण एकदा करून भागत नाही. एकदाच केली तरी पुरली ती एचपीव्हीची, आणि ती खाजगी लॅबमध्ये हजाराच्या वर जाते.

अक्कांनी कात्री थांबवली नाही. पान कापलं, तंबाखू पसरली, वळली, तोंड दुमडलं.

"म्हंजे किती हजार इड्या?" त्यांनी विचारलं.