ठिणगी नसलेल्या इंजिनाचे फेरे मोजताना

माझ्या जुन्या डिझेल जीपला आरपीएम मीटर (इंजिनाचे मिनिटाला किती फेरे होतात ते दाखवणारं) बसवलं आणि इंजिन चालू केलं, तर काटा थेट ४५०० वर. इंजिन आयडलिंगला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, नुसतं गुरगुरत होतं. मेकॅनिकने एकदा काट्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "साहेब, खरंच एवढ्यावर असतं तर आपण इथे उभे राहिलो असतो का?"

मीटर पेट्रोल गाडीचं होतं, जुन्या बाजारातून उचललेलं. चूक माझीच. पण काटा भलतंसलतं बोलत नव्हता, बरोबर सहापट बोलत होता. ते कसं, ते पुढे येईल.

पेट्रोल इंजिनात फेरे मोजणं सोपं. चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या) दर फेऱ्याला दोन ठिणग्या पडतात. ठिणगीची वीज देणाऱ्या इग्निशन कॉइलला वायर जोडायची, मीटर ठिणग्या मोजतं आणि दोनाने भागतं. डिझेलमध्ये कॉइलच नाही. तिथे पिस्टन हवा साधारण १६ ते २२ पट दाबतो, ती भट्टीसारखी तापते आणि इंजेक्टरमधून फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. थंडीत सकाळी आपण जो हीटर लावतो तो फक्त सुरुवातीपुरता. म्हणजे मोजायला विजेचा एकही ठोका नाही.

मग इंजिनासोबत फिरणारं दुसरं काहीतरी शोधायचं. क्रँकच्या टोकाला असलेल्या जड चाकाच्या, म्हणजे फ्लायव्हीलच्या, रिंगचे दात मॅग्नेटिक पिकअपने (चुंबकी सेन्सरने) मोजता येतात. हा सगळ्यात खात्रीचा उपाय, पण बेलहाउसिंगला (फ्लायव्हीलवरच्या कवचाला) भोक पाडावं लागतं. इंजेक्टरच्या पाइपला चिमट्यासारखा सेन्सरही लावतात. दर फवाऱ्याला पाइप केसाहूनही कमी फुगतो, तेवढंही त्याला कळतं. गॅरेजमध्ये तपासणीला उत्तम, रोजच्या गाडीला नाजूक.

आमच्यासारखे लोक अल्टरनेटरला धरतात, म्हणजे इंजिनाच्या बेल्टवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राला. अल्टरनेटर आत एसीच बनवतो, डायोड त्याचं डीसी करतात. डायोडच्या अलीकडे एका फेजला (आतल्या तारांच्या एका गुंडाळीला) टाका मारून जी वायर बाहेर काढलेली असते तिला डब्ल्यू टर्मिनल म्हणतात. बऱ्याच अल्टरनेटरच्या रोटरला (आतल्या फिरत्या भागाला) एकमेकांत गुंतलेली बारा लोखंडी बोटं असतात, सहा उत्तर ध्रुवाची, सहा दक्षिण. त्याच्या एका फेऱ्यात विजेची सहा आवर्तनं होतात. माझी क्रँकची पुली अल्टरनेटरच्या पुलीच्या दुप्पट, म्हणून इंजिनाच्या एका फेऱ्यात अल्टरनेटरचे दोन आणि आवर्तनं बारा. पेट्रोलचं मीटर मी अशाच फेजच्या वायरला जोडलं होतं. त्याला हवे होते दोन ठोके, मिळाले बारा. ७५० चे ४५०० झाले ते असे.

मग डिझेलचं मीटर आणलं, ज्याच्या पाठीवर जुळणीचा बारीक स्क्रू असतो. बॅटरीची निगेटिव्ह सोडली, अल्टरनेटर उघडून फेजला सोल्डर केलेल्या त्याच वायरला (माझ्या अल्टरनेटरला डब्ल्यू नव्हतंच) ते जोडलं, मध्ये १ अँपिअरचा फ्यूज टाकला. जुन्या गाडीत डायनॅमो असेल तर मात्र हा मार्ग बंद, कारण तो कम्युटेटरवरून (फिरत्या तांब्याच्या पट्ट्यांवरून) थेट डीसीच देतो.

आता स्क्रू कुठे थांबवायचा? पुलीचे व्यास पट्टीने मोजून भागत नाही. बेल्ट खाचेत थोडा आत बसतो, तेवढ्यानेही काही टक्के फरक पडतो. इथे कामी आली गॅरेजमधली जुनी चोकवाली ट्यूबलाइट. ५० हर्ट्झच्या विजेवर ती सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. क्रँकच्या पुलीवर खडूचा एक ठिपका दिला, शटर ओढून अंधार केला (धुरासाठी मागचं दार उघडं), आणि हळूहळू ॲक्सिलरेटर वाढवला. ७५० ला एका फेऱ्यात आठ वेळा उजेड पडतो, म्हणून एका ठिपक्याचे आठ दिसतात, १००० ला सहा, १२०० ला पाच. १५०० ला, म्हणजे सेकंदाला २५ फेऱ्यांवर, बरोबर चार ठिपके अधिकच्या चिन्हासारखे स्थिर. ग्रिडची फ्रिक्वेन्सी साधारण ४९.९ ते ५०.०५ च्या पट्ट्यात राखतात, त्यामुळे या खडूच्या ठिपक्याची अचूकता माझ्या मीटरपेक्षा कितीतरी जास्त. चार ठिपके थांबले की काटा १५०० वर आणायचा, काम संपलं. एलईडीखाली हा खेळ बहुतेक वेळा जमत नाही.

एक जपायचं. त्या उजेडात फिरती पुली थांबलेली वाटते आणि हात आपसूक पुढे जातो. म्हणून तर लेथच्या कारखान्यांत शेजारशेजारच्या ट्यूब वेगवेगळ्या फेजवर टाकायची पद्धत होती.

या जोडणीची एक खोड आहे. चार्जिंग सुरू होईपर्यंत काटा शून्यावरच बसतो, थोडा रेस दिला की उडी मारून वर येतो. डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा दिवा उडाला असेल तर अजूनच उशीर. आणि काटा मोजतो अल्टरनेटर, इंजिन नव्हे. गेल्या पावसाळ्यात रात्री हेडलाइट, वायपर, ब्लोअर एकदम लावले तर काटा २०० ने खाली आला, इंजिनाचा आवाज मात्र जसाच्या तसा. बेल्ट घसरत होता. सकाळी बॉनेट उघडून बेल्ट बोटाने दाबला तर चांगला दोन बोटं आत गेला.