रोंडो आणि पोझिशन गेम यांतला फरक

फुटबॉलच्या सरावात छोट्या चौकोनात काही मुले चेंडू फिरवत असतात आणि काही तो हिसकावण्यासाठी धावत असतात, त्यामुळे रोंडो आणि पोझिशन गेम दुरून एकसारखेच दिसतात. दोन्ही सराव एकाच परंपरेतले आहेत. बार्सिलोना क्लबच्या युवा संघांत १९७० च्या दशकात लाउरेआनो रुईझ यांनी रोंडो रुजवला आणि १९८८ ते १९९६ या काळात मुख्य प्रशिक्षक असलेल्या योहान क्रायफ यांनी त्याला रोजच्या सरावात मानाचे स्थान दिले. गल्लत होणे त्यामुळे स्वाभाविक असले, तरी तिचे नुकसान मुलांना सोसावे लागते.

रोंडोत चेंडू राखणारे खेळाडू कडेवर उभे असतात आणि एक-दोन जण मध्ये राहून चेंडू अडवतात. चारास एक (चार जण चेंडू राखणारे, एक अडवणारा) किंवा पाचास दोन ही त्याची नेहमीची रूपे आहेत. ज्याचा पास चुकतो तो मध्ये जातो आणि डाव नव्याने सुरू होतो. चारास एकच्या डावात पाहण्यासारखी गोष्ट चेंडूवाल्याच्या दोन्ही बाजूंच्या मुलांकडे असते: ती डिफेंडरच्या सावलीतून दोन पावले सरकली, तर पासची वाट उघडते आणि जागच्या जागी उभी राहिली, तर चेंडूवाला कोंडला जातो. पहिला टच, शरीराची दिशा आणि पासचा जोर या गोष्टी रोंडो उत्तम शिकवतो. आपल्या संघरचनेत नेमके कुठे उभे राहायचे, हे मात्र तो शिकवत नाही.

ते काम पोझिशन गेमचे आहे. चारास चार आणि तीन न्यूट्रल खेळाडू (ज्या संघाकडे चेंडू असेल त्याच्या बाजूने खेळणारे) हे त्याचे प्रचलित रूप असून त्यात चेंडू असलेला संघ लांब बाजूंवर पसरतो, दोन न्यूट्रल दोन्ही टोकांना राहतात आणि तिसरा डिफेंडरांच्या गराड्यात, मिडफिल्डरच्या जागी खेळतो. या मधल्या खेळाडूला चेंडू येण्याआधीच खांद्यावरून मागे पाहावे लागते, कारण दबाव कुठूनही येऊ शकतो. कडेच्या मुलाला तर त्याहून अवघड गोष्ट जमवावी लागते, ती म्हणजे चेंडूकडे धाव घेण्याचा मोह आवरून दूर थांबणे आणि त्यामुळे मध्ये जागा मोकळी ठेवणे. चेंडू गेला की संपूर्ण संघाची भूमिका त्याच क्षणी बदलते: पसरलेल्यांना आत धावून दबाव आणावा लागतो आणि चेंडू मिळवणाऱ्यांना झटकन पसरावे लागते. रोंडोत एका मुलाची जागा बदलते, इथे सगळ्यांची बदलते.

माझ्या मते, दहा वर्षांखालील मुलांना चार-चारचा पोझिशन गेम देणे घाईचे ठरते, कारण त्या वयात चेंडू सोडून सात-आठ जणांचे भान ठेवणे जड जाते. त्यांच्यासाठी ऐसपैस चौकोनातला चारास एक पुरेसा आहे आणि त्यातही एका टचची, म्हणजे एकाच स्पर्शात पास देण्याची, सक्ती नको, नाहीतर चेंडू पायाशी ठेवून डिफेंडरला चकवण्याचे धाडसच ती गमावतात. बारा-तेराव्या वर्षी तीनास तीन आणि दोन न्यूट्रल अशी सुरुवात करून पुढे चार-चारकडे जाता येते. तिथे मुले एकमेकांवर गोळा होऊ लागली, तर आधी मैदान मोठे करून पाहावे. सूचना त्यानंतर द्याव्यात.