सॅमनच्या पेट्यांतून आलेला ब्राऊन ट्राऊट

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर, रस्ता संपल्यावर तासन्‌तास चालून गाठायच्या ओढ्यांत फ्लाय फिशिंगवाले (गळाला कृत्रिम माशी बांधून मासे धरणारे) ज्याच्यामागे असतात तो ब्राऊन ट्राऊट मासा तिथला नाहीच. तो मूळचा युरोप, पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेतला. त्यातही गंमत अशी, की त्याला इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाकडे नेणाऱ्यांना मुख्यतः हवा होता सॅमन मासा.

अडचण अंड्यांची होती. 10 अंश सेल्सियसच्या पाण्यात ट्राऊटची अंडी साधारण 40 दिवसांत फुटतात. इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला पोचायला जहाजाला जवळपास तीन महिने लागत, तेही विषुववृत्त ओलांडून. आधीचे प्रयत्न त्यातच वाया गेले. मग टास्मानियाच्या जेम्स यूल यांच्या खटपटीतून मार्ग निघाला: लाकडी पेटीत ओल्या शेवाळाच्या थरात अंडी ठेवायची आणि पेट्या जहाजावरच्या बर्फाच्या कोठीत रचायच्या. थंडीने अंड्यांची वाढ मंदावते, शेवाळ ओल धरतं आणि हवाही खेळू देतं. जानेवारी 1864 मध्ये निघालेलं ‘नॉरफोक’ जहाज एप्रिलमध्ये मेलबर्नला लागलं. सॅमनची अंडी 90,000 हून जास्त, ट्राऊटची जेमतेम तीनेक हजार. ती अंडी टास्मानिया बेटावर प्लेंटी नदीकाठच्या तळ्यांत उबवली. सॅमनची पिल्लं समुद्रात गेली ती परतलीच नाहीत. ट्राऊटला मात्र समुद्र गाठायची गरज नसते. तो नदीतच वाढला, व्याला. 1867 मध्ये त्याच वंशाची अंडी न्यूझीलंडला गेली. तिथल्या गॅलॅक्सिअस जातीच्या छोट्या देशी माशांना हा पाहुणा महागात पडला, हेही नोंदवायला हवं.

गळाला कृत्रिम माशी बांधायची कला याहून कितीतरी जुनी. मॅसिडोनियातले लोक गळाभोवती लाल लोकर गुंडाळून त्यावर दोन पिसं बांधत आणि ठिपकेदार मासे धरत, असं रोमन लेखक एलियनने इ.स. 200 च्या आसपास लिहून ठेवलंय. काठी सहा फूट, दोरीही तेवढीच. म्हणजे फेकण्याचा प्रश्नच नव्हता. पुढे कित्येक शतकं दोरी घोड्याच्या शेपटीच्या केसांची होती. फ्लाय फिशिंगमध्ये वजन गळाला नसतं, दोरीलाच असतं. केसांची दोरी हलकी, त्यामुळे वाऱ्याच्या तोंडावर टाकणं अवघड. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेल मुरवलेली रेशमी दोरी आली आणि वाऱ्याविरुद्ध, प्रवाहाच्या वरच्या बाजूला नेमकी फेक जमू लागली. दक्षिण इंग्लंडच्या नितळ नद्यांवर ड्राय फ्लाय, म्हणजे पाण्यावर तरंगणारी कृत्रिम माशी, रुळली ती याच काळात. तिथल्या काही कर्मठांना फक्त तीच मान्य होती. इंग्लिश मासेमार-लेखक जी. ई. एम. स्क्यूज यांनी 1910 मध्ये निम्फची, म्हणजे पाण्याखालच्या कीटकाच्या पिल्लासारख्या दिसणाऱ्या माशीची, बाजू मांडली. आमच्या मते बाजू त्यांचीच खरी, कारण ट्राऊट बहुतेक खाणं पृष्ठभागाखालीच उरकतो.

दुर्गम ओढ्यावर हा सगळा वारसा एकदम कामी येतो. पाणी काचेसारखं, मासे मोजके पण मोठे. म्हणून आधी मासा हेरायचा, मगच दोरी काढायची. ट्राऊट प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो आणि त्याला थेट मागचं दिसत नाही, म्हणून खालून वर सरकायचं, वाकून. पाण्याबाहेरचं जग त्याला सुमारे 97 अंशांच्या शंकूतून दिसतं. त्याच्या कडेला, पाण्यालगत असलेली वस्तू चपटी आणि अंधुक होते. लीडर (दोरी आणि माशी यांना जोडणारा बारीक धागा) साडेतीन ते साडेचार मीटर, दोरी मळकट हिरवी किंवा राखाडी. हवेतले सरावाचे झोके माशाच्या डोक्यावर नकोत, बाजूला द्यावेत. नाहीतर दोरीची सावलीच त्याला पळवते.

फेक साधली तरी घोटाळा होतो तो ‘ड्रॅग’चा: मधला वेगवान प्रवाह दोरी ओढतो, माशी पाण्यावर ओरखडा काढत जाते आणि मासा तोंड फिरवतो. दोरीत थोडी ढील ठेवूनच टाकावी. दुसरी चूक घाईची. मोठा ट्राऊट सावकाश वर येतो. त्याने तोंड मिटून डोकं खाली वळवल्यावरच काठी उचलायची. रेशीमकिड्याच्या रेशीमग्रंथीपासून काढलेल्या तंतूचे लीडर होते तेव्हा ते आधी भिजवून मऊ करावे लागत, कोरडे राहिले तर गाठीत तुटत. ती कटकट नायलॉनने संपवली.

2004 मध्ये न्यूझीलंडच्या साउथलंड भागातल्या वायाऊ नदीत डिडिमो हे चिवट शेवाळ सापडलं. बुटांचे नमद्याचे (फेल्टचे) तळवे निसरड्या दगडावर उत्तम पकड देतात, पण तासन्‌तास ओलेच राहून हे शेवाळ पुढच्या नदीत पोचवतात. म्हणून 2008 मध्ये न्यूझीलंडच्या गोड्या पाण्यातल्या मासेमारीत त्यांना बंदी घातली गेली. रबरी तळव्याचे बूटही धुवून, पूर्ण वाळल्यावर आणखी 48 तास कोरडे ठेवूनच दुसऱ्या ओढ्यात न्यायचे.