बूम आणि त्याचे दोर: शिडाच्या खालच्या काठाचा इतिहास

कोल्हापूर घाटमाथ्यामागे वसलेले असले, तरी शिडाच्या नौकांशी त्याचा संबंध जुना आणि थेट आहे. १७६५ मध्ये इंग्रजांनी सिंधुदुर्ग घेतला तो अल्पकाळ वगळता, १८१२ च्या तहाने मालवण इंग्रजांकडे जाईपर्यंत तो किल्ला करवीर छत्रपतींकडे होता आणि त्यांचे आरमार तेथूनच वावरत असे. त्या काळच्या गलबतांच्या मुख्य डोलकाठीवर एक मोठे त्रिकोणी शीड चढवत आणि त्याचे टोक डोलकाठीच्याही बरेच वर जाई. शिडाचा वरचा काठ परबाणाला, म्हणजे डोलकाठीवर टांगलेल्या लांब तिरक्या वाशाला, बांधलेला असे. खालचा काठ मात्र मोकळाच राही. आजच्या छोट्या होडीत शिडाखाली जो आडवा दांडा दिसतो, तो बूम त्या गलबतांवर नव्हता.

ही उणीव नव्हती. वाऱ्याची बाजू बदलताना परबाण उभे करून शिडासकट डोलकाठीपुढून पलीकडे न्यावे लागे आणि खाली दांडा असता तर तो या कामात अडथळाच ठरला असता. शिवाय अरबी समुद्रात मोसमी वारा दिवसेंदिवस एकाच बाजूने मिळतो, त्यामुळे हा खटाटोप वारंवार करावा लागत नसे.

डच लोकांची अडचण वेगळी होती. अरुंद कालव्यांत आणि खाड्यांत घडोघडी दिशा बदलावी लागे, म्हणून सबंध शीड डोलकाठीच्या मागे ठेवून ते आपोआप इकडून तिकडे फिरेल अशी रचना तेथे रुळली आणि पुढे त्या शिडाखाली बूम आला. १६६० मध्ये ॲमस्टरडॅमने इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याला ‘मेरी’ ही यॉट, म्हणजे हलकी शिडाची नौका, भेट दिली आणि अशा नौका हौसेने चालवण्याची प्रथा इंग्लंडमध्ये रुजली.

बूम असला म्हणजे शीड त्याला पूर्ण बांधलेले असेच, असे मात्र नाही. २२ ऑगस्ट १८५१ रोजी आइल ऑफ वाइट बेटाभोवतीच्या शर्यतीत ‘अमेरिका’ ही स्कूनर (दोन डोलकाठ्यांची शिडाची नौका) जिंकली, तेव्हा तिच्या सुती शिडाचा खालचा काठ बूमला दोराने ओवून बांधलेला होता. तिच्या प्रतिस्पर्धी इंग्रजी नौकांची जवसाच्या धाग्याची शिडे खाली मोकळी असत आणि वाऱ्याने फुगून पोट काढत. या विजयानंतर काठ ओवण्याची पद्धत इंग्लंडमध्येही पसरली. पण ताठ ओवलेल्या शिडाला खाली गोलाई उरत नाही, हा तिचा दोष होता. १९३० च्या ‘एंटरप्राइज’ या शर्यतीच्या नौकेवर रुंद, सपाट बूम बसवून त्यावर शिडाचा काठ वक्राकार सरकू दिला गेला, तो हाच दोष काढण्यासाठी. १९७१ मध्ये बाजारात आलेल्या लेझर या छोट्या होडीत याचे सोपे उत्तर आहे. तिचे ७.०६ चौरस मीटरचे शीड बूमला केवळ दोन्ही टोकांशी धरलेले असते आणि मागच्या टोकाचा आउटहॉल हा दोर ओढला की ते सपाट होते, सोडला की खोल होते.

माझ्या मते नवशिक्याचा खरा गोंधळ व्हँगपाशी, म्हणजे बूम खाली धरून ठेवणाऱ्या दोरापाशी, होतो. वाऱ्याच्या तोंडाकडे जाताना मेनशीट, म्हणजे बूम आत-बाहेर करणारा दोर, बूमला जवळजवळ सरळ खाली खेचते, म्हणून शिडाचा मागचा काठ ताठ राहतो. शीट सोडून बूम होडीबाहेर गेला की तीच शीट त्याला फक्त आडवे धरू शकते. बूमचे टोक उचलले जाते, शिडाचा माथा पिळवटून बाहेर वळतो आणि तेथला वारा वाया जातो. डोलकाठीच्या बुंध्यापासून बूमपर्यंत तिरका जाणारा, कप्प्यांनी जोर वाढवलेला व्हँग हे उचलणे थांबवतो. तो घट्ट करताच बूम पुढे रेटला जाऊन डोलकाठीवर दाब देतो, म्हणून दोहोंना जोडणारा गूजनेक आणि त्याची पिन होडी पाण्यात घालण्यापूर्वी हाताने हलवून तपासावी.

डोंगरांमधल्या राधानगरीसारख्या जलाशयावर वारा झोतांनी येतो, तेथे ही रचना जास्त काळजीने लावावी लागते. वारा मागच्या अंगाने जोरात असेल तर व्हँग थोडा ढिला हवा. कारण होडी कलंडू लागली की घट्ट व्हँगने खाली धरलेले बूमचे टोक पाण्यात रुतते, शीट सोडूनही शीड बाहेर जात नाही आणि होडी उलटते.