कायोटीचा कान आणि खोटा ससा

अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या माळरानांवर कायोटीची शिकार करणारे लोक झुडपाआड बसून शिट्टीतून जखमी सशाची किंकाळी काढतात. हल्ली रिमोटवर चालणारे स्पीकरही मिळतात. आपल्या कोल्ह्याहून थोडा मोठा असा हा प्राणी आयती मेजवानी समजून धावत येतो. या मंडळींच्या गप्पांत एक आकडा हमखास निघतो: माणसाला २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कायोटीला ८० हजारांपर्यंत (हर्ट्झ जितके जास्त, तितकी आवाजाची पट्टी वरची). मग इतक्या वरच्या पट्टीचा आवाज काढणारा महागडा स्पीकर हवाच, हे ओघानं आलं.

आकडा हवेतला नाही. कायोटीच्या अंतर्कर्णातले विद्युत प्रतिसाद मोजले गेले, तेव्हा ते साधारण तिथवर सापडले. आडवी येते ती हवा. हजार हर्ट्झचा आवाज शंभर मीटर जाईपर्यंत हवा त्यातला जेमतेम अर्धा डेसिबल गिळते. ४० हजार हर्ट्झचा असेल तर शंभराहून जास्त, म्हणजे जवळजवळ सगळाच. (पसरत गेल्यानं आवाज क्षीण होतो, ते वेगळंच.) अर्धा किलोमीटर दूरच्या कायोटीपर्यंत किंकाळीतला खालच्या पट्टीचा भागच पोचतो. स्पीकर २० हजारांच्या पुढे मुका असला, तरी त्याला ते कळणार कसं?

मग हा तीक्ष्ण कान कशासाठी? जवळच्या कामासाठी. डोकं लहान असलं की खालच्या पट्टीचा आवाज त्याला वळसा घालून दोन्ही कानांवर जवळपास सारखाच पडतो. वरच्या पट्टीचा मात्र अडतो, पलीकडच्या कानाला कमी ऐकू येतो, आणि या फरकावरून दिशा कळते. गवतात उंदीर खुडबुडला की कायोटी थबकतो, कान पुढे रोखतो, मान जराशी तिरकी करतो आणि उंच उडी मारून पुढच्या पंजांनी तो दाबतो. तरीही ‘आवाजावरून वीतभर जागाही अचूक हेरतो’ या फुशारक्यांवर माझा फारसा विश्वास नाही. त्याच्या भाऊबंदाची, कुत्र्याची, चाचणी घेतली तेव्हा त्याला दिशेतला सुमारे ८ अंशांचा फरक लागला; माणसाला एक-दोन अंश पुरतात.

जाणता शिकारी सुरुवात हळू आवाजात करतो, कारण कायोटी जवळच असला तर मोठ्या आवाजानं बिचकून पळतो. कोणी आलं नाही तर आवाज वाढवायचा. जनावर टप्प्यात आलं की किंकाळी बंद, आणि हाताच्या पाठीवर ओठ दाबून उंदरासारखं बारीक चीं-चीं. स्पीकर स्वतःपासून बराच लांब ठेवतात, म्हणजे कायोटीचं सगळं लक्ष तिकडे राहतं. पण कायोटी सरळ येत नाही. वारा जिकडे वाहत जातो त्या बाजूनं वळसा घालून तो आधी वास घेतो, आणि माणसाचा वास आला की किंकाळी कितीही हुबेहूब असो, तो फिरला माघारी.

एकदा गोळी चुकवून निसटलेला कायोटी सशाच्या आवाजाला सहसा पुन्हा भुलत नाही. मग जानेवारी-फेब्रुवारीत, माजाच्या हंगामात, परक्या कायोटीची आरोळी काढतात, आणि पिल्लं लहान असतात तेव्हा पिल्लाचं केकाटणं. त्या आवाजाला पोट भरलेले आईबापही धावत येतात.